दिवसा लावलेलं दार

आमच्या वाडीत दिवसा दार लावत नाहीत. पहाटे पहिला माणूस उठला की कडी निघते आणि रात्री शेवटचा माणूस आडवा झाला की बसते. मधल्या वेळात सगळी शेतावर गेली तरी एखादं म्हातारं माणूस ओट्यावर असतंच, त्यामुळे दार उघडंच. लागलेलं दिसलं तर त्याचे दोनच अर्थ: एक तर घरातली झाडून सगळी माणसं कुठल्या तरी मयताला गेलीत, नाहीतर त्या घराने वाडीशी भांडण काढलंय. हा नियम मला कोणी सांगितला नव्हता. मी महाडची, बाजारपेठेमागच्या दोन खोल्यांत वाढलेली. आमच्याकडे दार उघडं राहिलं तर आई ओरडायची. लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला या वाडीत आले आणि दुसऱ्याच दुपारी, सत्यनारायणाच्या जागरणाने डोळे मिटत होते म्हणून, मी सरळ उठून दार लावलं, कडी घातली आणि झोपले. जागी झाले ती दाराबाहेरच्या कुजबुजीने. फटीतून पाहिलं तर अख्ख्या वाडीतल्या बायका अंगणात. एक म्हणत होती, "कोनाच्या मयताला गेली गो सगली?" दुसरी म्हणाली, "मयताला कशाला, नव्या सुनेला आमचा राग आला आसंल." मी दार उघडून दोन्ही हात जोडले आणि कॉलेजच्या स्नेहसंमेलनात राणी झाले होते त्या आवाजात म्हणाले, "मंडळी, सून जिवंत आहे. तिला फक्त झोप आली होती." कोणी हसलं नाही. नाटकवाल्या माणसाला याच्याइतकी वाईट दुपार नसते.

पुढची बरीच वर्षं दार उघडंच राहिलं, आणि त्या उघड्या दारातून काय काय आत आलं म्हणून सांगू. कोंबड्या, शेवंताकाकूंचं सुकटीचं कालवण, पोलादपूरच्या बाजारातल्या बातम्या, मला मूल कधी होणार याची चौकशी, आणि मूल झाल्यावर ते बोलणार कधी याची चौकशी. शेवंताकाकू म्हणजे आमच्या समोरच्या घरातल्या. मुलगा मुंबईला नालासोपाऱ्यात, नवरा कधीच वारलेला, त्यामुळे त्यांचं स्वतःचं घर रिकामं आणि आमचं त्यांच्यामुळे भरलेलं. आमच्या घरात माणसं तशी मोजकीच. सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, आरोहीचे पप्पा प्रकाश, जे महाडच्या एमआयडीसीत पाळीने कामाला जात, मी, आणि आरोही. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. खरं तर पाचवा होता थकवा. त्याचं ताट तेवढं वाढायचं राहिलं, बाकी तो आमच्यातच उठायचा-बसायचा.

आरोही बोलत नव्हती. हाक मारली तर बघायची नाही. मनासारखं झालं नाही की जमिनीवर कपाळ आपटायची, आणि मनासारखं म्हणजे काय हे तिला सांगता येत नव्हतं, आम्हाला कळत नव्हतं. तांदळाची भाकरी खायची, पण तव्यावरून उतरलेली पहिलीच. दुसरी दिली तर तिला कसं कळायचं देव जाणे, ती थेट कोंबड्यांना जायची. तिला एकच गोष्ट मनापासून आवडायची. दार. आमचं दार जुनं, सागाचं, साखळीची कडी असलेलं. ते ढकललं की कण्हायचं आणि कडी कोयंड्यावर पडली की खण्ण वाजायची. आरोही तासन् तास ते उघडझाप करत उभी राहायची आणि जो कोणी आत-बाहेर जाईल तो तिचा शत्रू. म्हणजे ज्या वाडीत दिवसा दार लावत नाहीत त्या वाडीत देवाने मला दार लावणारी पोर दिली. नवस करून झाले, सासूबाई तिला शिवथरच्या घळीत नेऊन आल्या, तिथे ती धबधब्याकडे बघून हसली म्हणून महिनाभर आम्ही आशेवर राहिलो. शेवटी महाडच्या एका डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द सांगितला आणि केतकी मॅडमकडे पाठवलं.

केतकी मॅडम महाडच्याच, पुण्याला शिकून आलेल्या, माझ्याहून चांगल्या लहान. औषधाच्या दुकानावर दोन खोल्या, खाली रंगीत चटया, भिंतीला काही नाही, आवाज नाही. मला ती जागा पहिल्या दिवशी देवळासारखी वाटली, मुख्य म्हणजे तिथे दार लावत असत. तिथे काय करायचं, तर हवी ती वस्तू समोर ठेवायची आणि थांबायचं. आरोहीने बोट दाखवलं, चित्राचं कार्ड हातात दिलं, काहीतरी आवाज काढला, म्हणजे कुठल्याही प्रकारे मागितलं, की लगेच द्यायचं. मागेपर्यंत द्यायचं नाही. ऐकायला सोपं आहे. करून बघा.

तिथवर जाणं हे मात्र एक वेगळंच नाटक होतं. वाडीतून उतरून फाट्यावर यायचं, तिथून एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर वडापची जीप. वडापमध्ये आरोही किंकाळ्या फोडायची, आणि प्रत्येक किंकाळीमागे एक सल्ला यायचा. तिला दृष्ट लागलीय. तिला मारत नाही म्हणून असं होतं. तिला मोबाईल द्या. एका बाईने फारच खोदलं तेव्हा मी गंभीरपणे सांगितलं की ही सिनेमात काम करते, पुढच्या आठवड्यात भुताचा सीन आहे, सराव चालू आहे. त्या बाईने महाडपर्यंत आरोहीकडे आदराने पाहिलं. अशा गमतींवर मी ते दिवस काढले. पण खरं सांगायचं तर सेंटरपर्यंत पोचायच्या आधीच माझ्यातली सगळी हवा गेलेली असायची आणि पोरीतलीही. एसटीत मात्र एक क्षण चांगला असायचा. कंडक्टर दार ओढून धाडकन लावायचा, आणि आरोही हसायची.

आता यातली गंमत, किंवा गंमत नव्हे, बघा. महाडच्या खोलीत आरोही शिकली. कार्ड द्यायची, बसायची, फुगा हवा असला की हात पुढे करायची. वाडीत आली की ते कार्ड चावून थुंकायची. महाडची आरोही वेगळी आणि वाडीतली वेगळी, जशा एकाच नाटक कंपनीतल्या दोन नट्या, एकमेकींशी बोलत नसलेल्या. केतकी मॅडम म्हणाल्या की असं होतं, जिथे शिकलं तिथेच राहतं. मग एके दिवशी त्यांनी मला बसवलं.

"ताई, आता एक ठरवावं लागेल. तुम्ही महाडला राहायला या आणि तिला रोज इथे आणा. नाहीतर मी आठवड्यातून दोनदा तुमच्या घरी येते आणि बाकीचे दिवस तुम्ही सगळे मिळून करा. मला दोन्ही चालेल. हे अर्धं इकडे, अर्धं तिकडे मात्र बंद करू. ती येते तेव्हाच दमलेली असते."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं ती जिथे जगणार आहे तिथे शिकली तर बरं. पण तिथे शिकता आलं पाहिजे. तुमचं घर मी पाहिलेलं नाही."

घर पाहिलं असतं तर त्या असं बोलल्या नसत्या, असं मला वाटलं. रात्री नव्हे, सकाळीच, प्रकाश पाळीवरून आल्या आल्या, चहा हातात असताना मी विषय काढला. ते म्हणाले, "महाडला राहू. माझं जाणं-येणंही वाचेल." त्यांनी तर आठवड्याभरात माझ्या माहेराजवळच एक खोली बघितली. घरमालक ओळखीचा, शिमग्यापर्यंत काय ते सांगा म्हणाला आणि किल्लीही देऊन टाकली. ती आमच्या मधल्या घरातल्या खुंटीवर लटकली. मी येता-जाता तिच्याकडे बघायचे. आज इतक्या वर्षांनी मला विचाराल तर मला ती खोली आरोहीसाठी जितकी हवी होती तितकीच माझ्यासाठी हवी होती. माझी आई हाकेच्या अंतरावर, संध्याकाळी बाजारपेठेतली भेळ, आणि एक दार, जे दुपारी लावून मी झोपले तर कोणी विचारणार नाही. सासूबाईंना हे न सांगता कळलं असावं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "जावा. मी हाय इथं, कोंबड्या हायत. पन पोरगी तिकडं शिकली आनि परत आली, तर इथं ती कोनाची गो?" आणि पुढची भाकरी इतक्या जोराने आपटली की तव्याने उत्तर दिलं.

म्हणून ठरलं असं, की शिमग्यापर्यंत घरीच करून बघायचं. जमलं तर ठीक, नाहीतर पालखी घरोघर फिरून परत देवळात बसली की आम्ही तिघांनी सामान बांधायचं.

केतकी मॅडम पहिल्यांदा स्कूटरवरून वाडीत आल्या तो दिवस म्हणजे जत्राच. अंगणात पोहोचायच्या आधी त्यांना तीन घरांत चहा झाला होता. शेवंताकाकूंनी ओटी भरली. मॅडमनी नारळ आणि तांदूळ सांभाळत आमच्या घरात चटई अंथरली, आणि दारात, खिडकीत, ओट्यावर वाडी बसली. मॅडमनी वाटीत शेंगदाणे घेतले, आरोहीसमोर धरले आणि थांबल्या. आरोहीने वाटीकडे पाहिलं. एवढंच पुरेसं होतं. मागून शेवंताकाकूंचा हात आला आणि मूठभर शेंगदाणे पोरीच्या मांडीवर पडले.

"काकू, तिला मागू द्या," मॅडम म्हणाल्या.

"मागतेच हाय की. डोळ्यांनी मागितलान."

मॅडमनी फुगा काढला. मागून तात्यांनी तो फुगवून दिला. धोंडूतात्या म्हणजे आमच्या गावकीचे प्रमुख, त्यांच्या छातीत चांगला दम होता. मॅडमनी "आरोही, काय हवं?" विचारलं की सात तोंडांनी उत्तर यायचं. चुकून आरोहीने हात पुढे केला की टाळ्या पडायच्या, टाळ्या पडल्या की ती कपाळ आपटायची, कपाळ आपटलं की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मी आयुष्यात अनेक पडलेली नाटकं पाहिलीत. इतका जीव लावणारा प्रेक्षक आणि इतका पडलेला प्रयोग पुन्हा पाहिला नाही.

असं पाच-सहा वेळा झाल्यावर मॅडम स्कूटरपाशी थांबल्या. "ताई, एक तास दार लावावं लागेल. रोज. मी असले-नसले तरी."

मी हसले. त्यांना कळेना का ते. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग महाडच बरं." मी मागे वळून सासूबाईंकडे पाहिलं. त्या ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन दाराची एक फळी ओढून पाहिली, जणू हे दार दिवसा लागतं का याची त्यांना खात्री करून घ्यायची होती. मग म्हणाल्या, "लाव. मी आतच बसते."

आणि आम्ही दार लावलं. रोज दुपारचा एक तास. पहिल्या दिवशी बाहेरून कोणी तरी हाका मारल्या. दुसऱ्या दिवशी कोणी मारल्या नाहीत. चौथ्या की पाचव्या दिवशी गावकीचं बोलावणं आलं.

आमच्याकडे गावकी देवळाच्या सभामंडपात बसते. बाप्ये पुढे, बायका खांबांमागे, आणि बोलायचं बाप्यांनी. प्रकाश पाळीला होते. त्यामुळे मला पुढे बसवलं, आणि मनातल्या मनात मी थोडी खूशच होते. इतका मोठा रंगमंच मला कधी मिळाला नव्हता. तात्यांनी घसा खाकरला.

"वर्षा, आमचा काय चुकला?"

"काहीच नाही, तात्या."

"मग दार का लावतस? आमी पोरीला मारतो? उपाशी ठेवतो? घरातला घास तिला नेऊन देतो. आनि तू तोंडावर दार लावतस."

"तुम्ही तिला मागायच्या आधी देता. म्हणून ती मागायला शिकत नाही."

तात्यांनी मंडपातल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "मागायच्या आदी देनं ह्यो गुन्हा काय? आमच्यात मागायला लावनं ह्यो गुन्हा. माजी आय सांगायची, पोरानं हात पसरायच्या आदी त्याच्या हातावर ठेवावं."

मी एवढंच म्हणाले की उद्या मी नसले, तिचे पप्पा नसले, तर तिला न मागता कोण देणार? तेव्हा खांबामागून शेवंताकाकूंचा आवाज आला, "आमी हाव ना गो! आमी काय मेलो?"

आणि मी, तीन रात्रींची जागी, कपाळावर टेंगूळ आलेल्या पोरीची आई, वळून म्हणाले, "तुम्हीपण मरणारच ना, काकू."

काकू उठल्या, पदर झटकला आणि निघून गेल्या. तात्यांनी ठराव वगैरे काही केला नाही. "बरं. लावा दार," म्हणाले, आणि चप्पल शोधायला लागले.

त्यानंतर आमच्याकडे कोणी आलं नाही. शिक्षा म्हणून नव्हे हो; रागाने नव्हे, रुसून. कालवणाची वाटी आली नाही, पोलादपूरच्या बातम्या आल्या नाहीत. आता तो एक तास सोडून दार दिवसभर उघडं असलं तरी लागल्यासारखंच होतं. सासूबाई समोरच्या ओट्याकडे पाठ करून तांदूळ निवडायच्या. खुंटीवरच्या किल्लीकडे मी आता उघड उघड बघायला लागले. शिमगा जवळ आला होता. ढोल काढून उन्हात ठेवले होते.

त्या रिकाम्या, गप्प घरात केतकी मॅडमना एक गोष्ट दिसली, जी गर्दीत दिसली नव्हती. शेंगदाणे, फुगे, चित्रं, सगळं झालं की आरोही दर वेळी उठून दाराशी जात होती. मॅडम मला म्हणाल्या, "आपण तिला नको ते देत बसलोय." पुढच्या खेपेला त्यांनी दार उघडं ठेवलं, स्वतः त्याची फळी धरून उभ्या राहिल्या आणि आरोहीकडे पाहिलं. आरोहीने फळी ढकलली. हलेना. तिने मॅडमचा हात ओढला. मॅडम हळूच म्हणाल्या, "लाव," आणि थांबल्या. पुन्हा, "लाव." आणि थांबल्या. बाहेर कोणाची तरी कोंबडी अंडं घातल्याचं जगाला सांगत होती, खाली घाटात ट्रकने गिअर बदलला, चुलीवर कुळीथ रटरटत होते. आरोही किंचाळली. कपाळ आपटायला वाकली, मी तिच्या कपाळाखाली हात घातला. थांबणं. सासूबाई पदराचा बोळा तोंडात धरून बसलेल्या. आमच्यात कोणाला थांबायची सवय नाही, आम्ही देऊन मोकळे होणारे लोक. आणि मग त्या पोरीने दाराकडे बघून, चिडून, अगदी सासूबाईंच्या स्वरात म्हटलं, "लाऽव!"

मॅडमनी दार लावलं. कडी पडली. खण्ण. आरोही हसली.

त्यानंतर तासभर दार बंद ठेवायचं होतं. पण सासूबाईंना ते कसं जमावं? त्या उठल्या, कडी काढली, अंगणात गेल्या आणि रुसलेल्या वाडीला उद्देशून ओरडल्या, "बोललीऽऽ! पोरगी बोललीऽऽ!" सगळ्या घरांतून माणसं बाहेर पडली. शेवंताकाकू सर्वांत पुढे, हात पिठाचे. आमच्या दारात पुन्हा जत्रा, आणि आरोही कानांवर हात ठेवून किंचाळायला लागली.

"काय बोलली?" काकूंनी विचारलं.

"लाव म्हणाली. दार लाव."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे, मग मागे वळून सगळ्यांवर कडाडल्या, "मग बघताव काय? ती दार लाव म्हनते! चला आपापल्या घरी!" आणि आमच्या दाराची फळी स्वतःच्या पिठाच्या हाताने ओढून घेतली. ती पाच बोटं मी बरेच दिवस पुसली नाहीत.

दुसऱ्या दुपारी आरोही माझं बोट सोडून समोरच्या ओट्यावर चढली. काकू दारात उभ्या राहिल्या, फळी धरली आणि थांबल्या. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना. देवळात भांडताना जे ऐकलं ते लक्षात ठेवलं होतं. मी अंगणात उभी. न मागता देण्याची साठ वर्षांची सवय फळीमागे दाबून काकू उभ्या होत्या. "लाव," आरोही म्हणाली. काकूंनी दार लावलं आणि आतून हुंदका ऐकू आला.

मग तात्यांचं घर. मग त्याच्या पलीकडचं. शिमग्यापर्यंत आरोही दुपारी वाडीतल्या प्रत्येक दाराशी जायला लागली. प्रत्येक ठिकाणी माणसं थांबायची, प्रत्येक ठिकाणी ती मागायची, प्रत्येक ठिकाणी खण्ण. अडचण एकच, ती शेवटच्या घरापर्यंत पोहोचायच्या आत कोणी दार उघडलं तर ती परत पहिल्यापासून सुरुवात करायची. त्यामुळे अख्खी वाडी भर दुपारी कड्या घालून आत बसायची. तात्यांची एकदा एसटी चुकली. ते फटीतून म्हणाले, "वर्षा, तुजी मॅडम उघड कदी शिकवनार?"

अशाच एका दुपारी माझ्या थोरल्या नणंदबाई आल्या. मंदावन्सं हिरकणीवाडीत दिलेल्या. रोपवेने गडावर जाणाऱ्या लोकांसाठी पिठलं-भाकरीचा स्टॉल चालवतात, आवाज गडाच्या वरपर्यंत जाईल असा. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्या वळणावरून वर आल्या आणि समोर काय, तर सगळ्या घरांची सगळी दारं बंद. ओट्यावर एक माणूस नाही. याचा अर्थ वाडीत वाढलेल्या बाईला एकच कळतो. अख्खी वाडी मयताला गेलीय, म्हणजे मयत वाडीतलंच. पिशवी टाकून त्यांनी जो हंबरडा फोडला!

"कोन गेला गोऽऽ! तात्या गेलाव कायऽऽ!"

तात्या कडीमागून म्हणाले, "मी हाय!"

तो आवाज त्यांना ऐकूच गेला नाही. "शेवंताकाकी गेलीस गोऽऽ! माजी फनसाची सांदणं कोन करनार आताऽऽ!"

आतून काकू, "अगो हाय मी! गप ऱ्हा, पोरगी शेवटच्या घराशी हाय!"

पण वन्सं रंगात आल्या होत्या. वाडीतल्या एकेका म्हाताऱ्याला नावाने मारत त्या अंगणांतून पुढे सरकत होत्या आणि एकेका दारामागून तो म्हातारा आपण जिवंत असल्याचं दबक्या आवाजात सांगत होता. मी आमच्या दारामागे बसून इतकी हसले की मला रडू आलं, आणि रडू आल्यावर ते थांबेना. कित्येक महिन्यांचं साठलेलं होतं. शेवटी "माजी आय गेली गो" पर्यंत वन्सं पोहोचल्या तेव्हा आरोही शेवटच्या घराकडून परत येत होती. ती त्यांच्यापाशी आली. तिला आवाज सोसत नाही, तरी आली. तिने आत्याचा हात धरला, ओढत आमच्या दाराशी आणला, मी उघडलं तसं त्यांना आत ढकललं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "लाव."

माझ्याकडे बघून. ते तिने पहिल्यांदा केलं.

केतकी मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या सेंटरला दोनच दारं आहेत, ताई." प्रकाशनी खुंटीवरची किल्ली काढली आणि महाडला जाताना परत दिली. पालखी आमच्या अंगणात नाचून गेली. मी सामान बांधलं नाही.

गोष्ट इथे संपवली असती तर टाळ्या पडल्या असत्या, हे मला कळतं. पण आरोही आता माझ्याहून उंच आहे. तिचे शब्द दोन्ही हातांच्या बोटांवर मावतात. कपाळ अजून आपटते, कमी. मी अजून थांबते. पाण्यासाठी, भाकरीसाठी, फणीसाठी, दिवसातून कितीतरी वेळा वस्तू हातात धरून थांबते, आणि खांदे दुखतात. सासूबाईंना आता दिसत नाही. बरीच घरं मुंबईला गेली आणि त्यांच्या दारांना कुलपं लागली, त्या दारांशी आरोहीला काही काम उरलेलं नाही. "उघड" हा शब्द केतकी मॅडमनी वर्षानुवर्षं शिकवला, मी शिकवला, तात्यांनी जाईपर्यंत फटीतून शिकवला. तो आला नाही. तिला उघडं दार नकोच होतं.

शेवंताकाकू गेल्या पावसाळ्यानंतर वारल्या. मुलगा आला, दिवस झाले, घराला कुलूप लावून किल्ली आमच्याकडे ठेवून गेला. ती त्याच खुंटीवर आहे. त्या आठवड्यापासून आरोही रोज दुपारी समोरच्या ओट्यावर चढते, कुलूप हलवते आणि उभी राहते. मी अंगणातून म्हणायचे, लागलंय बाळा, दार लागलंय. ती हलायची नाही. परवा मी तांदूळ निवडत बसले होते. तिने कुलूप हलवलं, माझ्याकडे वळून बघितलं आणि म्हणाली, "उघड."

मी उठले. गुडघे कुरकुरतात, वेळ लागला. किल्ली आणली, कुलूप काढलं, फळी ढकलली. ती आत गेली. स्वयंपाकघरात गेली, मागच्या पडवीत गेली, माजघरात आली, कोनाड्याशी जरा थांबली. मग बाहेर येऊन ओट्यावर माझ्या शेजारी उभी राहिली आणि दाराकडे बघत राहिली. मी फळी धरून थांबले. घाई नव्हती मला.

"लाव," ती म्हणाली.